कोणता पाय?

रात्री घरातले सगळे झोपल्यावर मी माझ्या कंबरेच्या एमआरआयचा लिफाफा उघडला. बसणं शक्य नव्हतं, म्हणून उभ्यानेच, कपाटाच्या उंच फळीवर कागद ठेवून, डावा पाय स्टुलावर टेकवून. दोन महिन्यांत तेवढी एकच अवस्था मला सापडली होती, जिच्यात कंबरेतून निघून कुल्ल्यातून, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी कळ जरा दम खायची. रिपोर्ट दोन पानांचा होता. पहिल्या वाचनात मला त्यातलं इतकंच कळलं की काहीतरी झिजलंय, काहीतरी फुगलंय, काहीतरी अरुंद झालंय आणि काहीतरी कशाला तरी टेकतंय.

‘सिव्हिअर’ हा शब्द मी तीनदा वाचला. कंबरेच्या तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याच्या मध्ये, उजव्या बाजूला, नस बाहेर पडायची वाट ‘सिव्हिअर’ अरुंद. त्याखाली ‘मल्टिलेव्हल डिजनरेटिव्ह चेंजेस’. त्याखाली दुसऱ्या मणक्यात ‘हिमॅन्जिओमा’. शब्दाच्या शेवटी ‘ओमा’ आलं की मनात जे येतं ते आलंच. आणखी एक ओळ होती, ‘कोनस मेड्युलॅरिस’ एल१ पातळीवर ‘टर्मिनेट’ होतो अशी. माझ्या आत काहीतरी मध्येच तुटून संपलंय, असा मी तिचा अर्थ लावला. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, सगळ्यांचाच संपतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सगळं जागच्या जागी आहे, असं ती ओळ सांगत होती.

मी ४६ वर्षांची आहे. त्या रात्रीपर्यंत माझी कंबर नुसती दुखत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन, काचेचं भांडं उचलावं तशी स्वतःला उठवू लागले. जिना एकेक पायरी. खाली पडलेलं पेन मुलीला उचलायला सांगितलं. दुपारी तिने विचारलं, “आई, तुला काल जास्त दुखलं का?” जास्त दुखलं नव्हतं. कळ होती तेवढीच होती. पण मी आता माझ्या शरीराला त्या दोन पानांच्या नजरेने बघत होते, आणि त्या नजरेला माझा कणा कधीही ढासळेल असा दिसत होता. डॉक्टरांची वेळ पाच दिवसांनी मिळाली होती. ते पाच दिवस मी विनाकारण घाबरून काढले, आणि त्यातलं निम्मं घाबरणं तो कागद कसा वाचायचा हे माहीत नसल्यामुळे होतं. म्हणून हे लिहिते आहे.

डॉक्टरांनी लिफाफा हातात घेतला आणि न उघडता टेबलावर पालथा ठेवला. पहिला प्रश्न आला, “कोणता पाय?”

“डावा.”

“कुठपर्यंत जातं? बोटाने दाखवा.”

मी कुल्ल्यापासून बोट फिरवत पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूला आणले, अंगठ्यापाशी थांबले. मुंग्या कुठे येतात ते विचारलं, तीच जागा. खोकल्यावर वाढतं का? वाढतं. बसल्यावर की चालल्यावर? बसल्यावर. लघवीला, शौचाला काही फरक? नाही. मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागेवर बधिरपणा? नाही. मग मला उताणं झोपवून त्यांनी डावा पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू उचलला. चाळीसेक अंशांवर कळ सरळ खाली धावली. उजवा पाय काटकोनापर्यंत गेला तरी काही नाही. गुडघ्यावर हातोडी मारली, टाचेच्या मागच्या शिरेवर मारली, दोन्हीकडे पाय उडाला. मग ते माझ्या पायथ्याशी उभे राहिले, दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर स्वतःची बोटं ठेवली आणि म्हणाले, “अंगठे तुमच्याकडे खेचा. मी खाली दाबतो, तुम्ही दाबू देऊ नका.”

उजवा अंगठा पक्का राहिला. डावा थोडा वेळ तग धरून खाली गेला. मी पूर्ण जोर लावला होता. शरीराचा एक भाग माझं ऐकत नाही, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. चालताना, चप्पल घालताना दोन महिने ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. कागदावर त्यांनी ४/५ असं काहीतरी लिहिलं. पाचापैकी चार, म्हणजे थोडं कमी. “पाचवी नस, डावी,” ते म्हणाले. “आता फोटोत काय आहे ते बघू.”

लिफाफा अजून पालथाच होता. इथे मी थांबते, कारण पुढचं सगळं या क्रमावर उभं आहे. त्यांनी आधी नस ओळखली आणि मग फिल्म बघितली. मी आधी फिल्मचा कागद वाचला होता आणि मग माझ्या अंगात दुखणी शोधत बसले होते.

फिल्म दिव्याच्या पेटीवर लागली. कंबरेच्या एमआरआयची ती उभी चिरलेली चित्रं एकदा कोणी समजावून दिली की परकी वाटत नाहीत. यंत्र शरीरातल्या पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन चुंबकाने हलवून त्याचा संदेश टिपतं, क्ष-किरण त्यात नाहीतच. ज्या चित्रांना टी२ म्हणतात त्यांत पाणी पांढरं दिसतं. मणके म्हणजे एकावर एक रचलेले राखाडी चौकोन. त्यांच्यामागून वरून खाली जाणारा पांढरा पट्टा म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी. वर त्या पिशवीत मज्जारज्जूचं काळसर टोक दिसतं आणि तिथून खाली नसांचा झुपका सुटतो. त्याला घोड्याच्या शेपटीचं नाव दिलंय आणि दिसतोही तसाच. दोन चौकोनांच्या मधली आडवी पट्टी म्हणजे चकती, जिला आपण गादी म्हणतो. तरुण चकतीचा मधला भाग पाण्यामुळे पांढरा असतो. पाणी कमी झालं की काळवंडतो. माझ्या पाच चकत्यांपैकी वरच्या दोन पांढऱ्या होत्या, तिसरी राखाडी, चौथी-पाचवी काळ्या. चित्रात ‘डिजनरेशन’ म्हणजे मुख्यतः हा रंग.

आडवे काप मला जास्त आवडले. एका कापात पांढऱ्या गोलात टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके होते, म्हणजे एकेक नस, आडवी कापलेली. सगळे ठिपके गोलाच्या तळाशी, पाठीच्या बाजूला जाऊन बसले होते. मी कारण विचारलं. “तुम्ही उताण्या झोपला होता ना, नसा पाण्यात सुट्या असतात, त्या खाली बसल्या.” मला ते उत्तर फार दिवस पुरलं. त्या चित्रात मी झोपलेली आहे. गुडघ्यांखाली उशी होती, म्हणून कंबरेचा बाकही थोडा सपाट आलाय, आणि रिपोर्टात ‘बाक कमी झाला आहे’ अशी नोंदही झाली आहे. मला जेव्हा दुखतं तेव्हा मी खुर्चीत बसलेली असते, खोकत असते, वाकत असते. त्या वीस-पंचवीस मिनिटांत मी अजिबात हललेली नव्हते. यंत्राचा खटखटाट चालू होता, कानात बोळे होते आणि मी हलू नये एवढंच मनाशी घोकत होते.

पाच दिवसांत मी ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरूनही बघितली होती. चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या कापात उजवीकडे एक फुगवटा दिसला आणि मी हबकले, कारण दुखत डावीकडे होतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा समजलं की आडवे काप पावलांकडून वर बघितल्यासारखे मांडतात. चित्रातली उजवी बाजू ही माझी डावी. तो फुगवटा डावीकडेच होता, आणि तिथून खाली उतरणाऱ्या पाचव्या नसेला टेकलेला होता. माझ्या अंगठ्याने जे सांगितलं होतं तेच. रिपोर्टात ही ओळ दुसऱ्या पानावर मध्यभागी होती, कुठलंही भीतीदायक विशेषण न लागलेली. मी ती पाच दिवसांत धड वाचलीसुद्धा नव्हती.

“आणि हे सिव्हिअर?” मी विचारलं.

“हे उजवीकडे आहे. ही वाट अरुंद असली तरी त्या नसेचा तुम्हाला काही त्रास आहे का? मांडीच्या पुढच्या बाजूला दुखतं, गुडघ्याचा झटका गेलाय, असं काही?”

नव्हतं.

“मग ते चित्रात आहे. तुमच्या दुखण्यात नाही.”

‘माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर’ हे शब्द भोकाचं माप सांगतात. दुखण्याचं माप त्यात नसतं, आणि पुढे काय होणार याचंही नसतं. हे कोणी मला त्या रात्री सांगितलं असतं तर मी झोपले असते. हिमॅन्जिओमाबद्दलही त्यांनी एका वाक्यात सांगितलं: मणक्यातला रक्तवाहिन्यांचा साधा पुंजका, दहातल्या एखाद्याच्या अंगात सापडतो, बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही.

कंबरेबद्दल आपण मराठीत जे शब्द वापरतो त्यांचाही माझ्या घाबरण्यात वाटा होता. ‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य आपण सगळेच ऐकत आलो. ते ऐकून डोळ्यांपुढे काय येतं? दोन हाडं एकमेकांपासून सुटलीत, मध्ये पोकळी पडलीय, आता काहीतरी निखळणार. फिल्मवर नेमकं उलटं दिसतं. चकतीतलं पाणी कमी होतं, तिची उंची घटते आणि दोन मणक्यांमधलं अंतर कमी होतं. हाडं जवळ येतात. ज्याला आपण गॅप आला म्हणतो त्यात गॅप कमी झालेला असतो, आणि त्या जवळ येण्यातही पुष्कळ माणसं काहीही न दुखता जगतात.

दुसरा शब्द ‘गादी सरकली’. सरकली म्हटलं की ती परत सरकवता येईल असंही वाटतं, आणि कोणीतरी पाठीवर जोराने दाबून ती जागेवर बसवील अशी आशा लागते. चकती सरकत नाही. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट चिकटलेली असते. तिच्या कडेला तंतूंचे थर एकावर एक गुंडाळलेले असतात, प्रत्येक थर शेजारच्या थराला तिरका, आणि मधोमध मऊ, पाणीदार गाभा. मोठ्या माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिला लागणारं सगळं हाडांच्या पृष्ठभागातून झिरपत येतं. दिवसभराच्या भाराने तिच्यातलं पाणी थोडं बाहेर पडतं आणि रात्री आडवं झाल्यावर परत शिरतं. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. इतकी ती जिवंत, बदलती गोष्ट आहे. ‘गादी’ या शब्दात तिचं हे जिवंतपण येत नाही, नुसतं कापूस दबून बसल्याचं चित्र येतं.

रिपोर्टातले शब्द त्या मानाने नेमके असतात, फक्त कोणी उलगडून द्यायला हवेत. चकतीचा घेर चहूकडून, निदान पाव वर्तुळाहून जास्त भागात, हाडाच्या कडेबाहेर आला असेल तर तो ‘बल्ज’. एकाच जागी, रुंद बुडाचा उंचवटा आला तर ‘प्रोट्रूजन’. माझा हा. बुडापेक्षा डोकं मोठं झालं, म्हणजे गाभा कडेतून बाहेर आला, तर ‘एक्स्ट्रूजन’. आणि बाहेर आलेला तुकडा सुटा झाला तर ‘सिक्वेस्ट्रेशन’. ऐकताना वाटतं की या पायऱ्या उतरत जाणं म्हणजे अधिकाधिक वाईट. शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांच्या अनेक अभ्यासांचा २०१५ साली एकत्र हिशेब केला गेला, त्यात उलटंच दिसलं. सुटे झालेले तुकडे ९६ टक्के रुग्णांत आपोआप लहान झाले, एक्स्ट्रूजन ७० टक्क्यांत, प्रोट्रूजन ४१ टक्क्यांत आणि साधा बल्ज जेमतेम १३ टक्क्यांत. बाहेर पडलेला गाभा शरीराला परका वाटतो, रक्तातल्या पेशी तिथे पोचतात आणि त्याला हळूहळू खाऊन टाकतात. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले. माझ्या नकळत माझ्या कंबरेत एवढं काम चालू असेल, असं मला वाटलं नव्हतं.

‘नस दबली’ हेही पुरतं खरं नाही. नुसता दाब असता तर दाब असेपर्यंत कळ राहिली असती. पण गाभ्यातले पदार्थ नसेला लागले की तिला सूज येते, ती चिडते, आणि चिडलेल्या नसेला हलका स्पर्शही सहन होत नाही. सूज उतरली की तोच उंचवटा तिथेच असून दुखत नाही.

मला आकड्यांचं फार वेड नाही, पण या विषयात दोन-तीन आकडे मी पाठ केले आहेत, कारण त्यांनी मला माणसांत आणलं. २०१५ सालच्याच दुसऱ्या एका आढाव्यात ३३ अभ्यास एकत्र केले होते. त्यांत ३,११० माणसं होती, आणि त्यांतल्या कोणाचीही कंबर दुखत नव्हती. वयाच्या विसाव्या वर्षीच ३७ टक्क्यांच्या चकत्यांत झिजेच्या खुणा होत्या. चाळिसाव्या वर्षी ६८ टक्के, पन्नासाव्या वर्षी ८०, ऐंशीव्या वर्षी ९६. बल्ज चाळिशीला निम्म्यांना. प्रोट्रूजन, जे माझ्या रिपोर्टात आहे, ते चाळिशीला दर तिघांतल्या एकाला. म्हणजे रस्त्याने बिनदिक्कत चालणाऱ्या माझ्या वयाच्या माणसांच्या फिल्म काढल्या तर त्यांच्या लिफाफ्यांतही हेच शब्द निघतील, आणि तीही रात्री उभ्याने ते वाचत बसतील. त्याआधी १९९४ साली न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय बघितले गेले तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांत एका तरी पातळीवर बल्ज होता.

याचा अर्थ चित्र खोटं असतं असा मी घेत नाही. माझ्या पाचव्या नसेजवळचा फुगवटा खरा होता आणि माझं दुखणं खरं होतं. पण चित्रात जे जे दिसतं ते सगळं दुखण्याचं कारण नसतं. त्यातलं कारण कोणतं हे चित्राला सांगता येत नाही, ते पायाला विचारावं लागतं.

आणि चित्र वाचणारीही माणसंच असतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कंबर आणि उजवा पाय दुखणारी ६३ वर्षांची एक स्त्री तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांत जाऊन एमआरआय करून आली. दहा रिपोर्ट मिळून ४९ वेगवेगळ्या नोंदी निघाल्या. दहाही रिपोर्टांत आली अशी एकही नोंद नव्हती. मला यात रेडिओलॉजिस्टना दोष द्यावासा वाटत नाही. ते अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसून, रुग्णाला बहुतेक वेळा न भेटता, शेकडो चित्रं बघतात. काही सुटू नये म्हणून दिसेल ते लिहितात. त्यांच्याकडे रुग्णाबद्दल असते ती डॉक्टरांच्या चिठ्ठीतली एक ओळ. माझ्या चिठ्ठीवर ‘कंबरदुखी, डावा पाय’ एवढंच होतं. अंगठ्याचा उल्लेख नव्हता.

म्हणूनच बहुतेक रिपोर्टांच्या शेवटी एक ओळ असते, जी मी त्या रात्री सही-शिक्क्याचा भाग समजून सोडून दिली होती: ‘क्लिनिकली कोरिलेट करावे.’ रुग्णाला तपासा आणि त्याच्याशी हे जुळतंय का ते बघा. रिपोर्ट लिहिणारा प्रामाणिकपणे सांगतो आहे की मी अर्धंच काम केलंय, उरलेलं अर्धं समोरच्या माणसाच्या अंगावर आहे. तो कागद पहिला आमच्या हातात पडतो आणि डॉक्टर भेटेपर्यंत पाच दिवस आमच्याजवळ राहतो, याचा विचार मात्र कोणी केलेला दिसत नाही. माझी मनापासून इच्छा आहे की त्या कागदावर वरच, ठळक अक्षरांत, आमच्या भाषेत दोन वाक्यं असावीत: तुमच्या वयाच्या न दुखणाऱ्या माणसांतही यातलं बरंच काही सापडतं, आणि यातलं तुमचं कोणतं ते तपासणीनंतर कळेल.

२०२१ साली भारतातल्या मणकातज्ज्ञांनी जवळपास हीच गोष्ट तपासली. जुनी कंबरदुखी असलेल्या ४४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला एमआरआयमधले सगळे दोष जसेच्या तसे समजावले. दुसऱ्याला सांगितलं की तुमचा एमआरआय नॉर्मल आहे, किरकोळ बदल वयाचे आहेत. उपचार दोघांना सारखेच. सहा आठवड्यांनी दुसऱ्या गटाचं दुखणंही कमी होतं आणि हालचालही बरी होती. शब्दांनी एवढा फरक पडतो हे मला माझ्या पाच दिवसांवरून पटलेलंच होतं. तरीही मला कोणी नुसतं ‘नॉर्मल आहे’ म्हणून पाठवलं असतं तर ते मला आवडलं नसतं. माझा अंगठा खाली जात होता. मला खरं ऐकायचं होतं, पण नीट लावून दिलेलं खरं: हे तुमचं, हे तुमच्या वयाचं, हे कोणाचंही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. धीर देणारे आकडे वाचून कोणी काही लक्षणांकडे काणाडोळा केला तर ते मला सोसणार नाही. बसायच्या जागेवर, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, पायांतलं बळ दिवसागणिक उतरत चाललं, तर त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. घोड्याच्या शेपटीसारखा तो नसांचा झुपका दाबला जात असेल तर उशीर परत भरून निघत नाही. ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, मोठी पडझड झाली असेल, तरी थांबायचं नाही. अशा वेळी एमआरआय लवकरच करायचा असतो. हे काहीच नसेल तर पहिल्या सहा आठवड्यांत तो करण्याची घाई बहुतेक वैद्यकीय मार्गदर्शिका करत नाहीत, कारण तेवढ्या काळात पुष्कळांचं दुखणं उतरणीला लागतं, आणि चित्राने उपचारात काही बदल होत नाही.

माझ्या बाबतीत अंगठ्याच्या बळामुळे डॉक्टर दर पंधरा दिवसांनी बोलवत राहिले. बळ आणखी उतरलं तर शस्त्रक्रियेचा विचार करू, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. प्रत्येक वेळी तेच, नखांवर बोटं, “खेचा, मी दाबतो.” सहाव्या आठवड्यात अंगठा जास्त वेळ टिकला. औषधं महिनाभराने सुटली. चालणं वाढत गेलं, आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास. मधे एक वाईट आठवडा आला. पुन्हा कळ पावलापर्यंत उतरली आणि मी दुसरा एमआरआय करू या का म्हणून विचारलं.

“कशासाठी?”

“फुगवटा गेला की नाही ते बघायला.”

त्यांनी मला २०१३ सालच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. सायटिकाच्या, म्हणजे माझ्यासारखी कंबरेतून पायात उतरणारी कळ असलेल्या, २८३ रुग्णांना एक वर्षाने परत एमआरआयमध्ये बघितलं होतं. जे बरे झाले होते त्यांच्यातल्या ३५ टक्क्यांच्या चित्रात हर्निएशन, म्हणजे चकतीचा बाहेर आलेला भाग, अजून दिसत होतं. जे बरे झाले नव्हते त्यांच्यात ३३ टक्के. चित्र बघून कोण बरं आणि कोण नाही हे ओळखता आलं नसतं. “तुमचा अंगठा मला रोज फुकट रिपोर्ट देतो,” ते म्हणाले, “तो बिघडला तर फिल्म काढू.”

चौथ्या महिन्यात दोन्ही अंगठे सारखे झाले. डॉक्टरांनी मला टाचांवर चालायला सांगितलं, दारापासून खिडकीपर्यंत, पंजे वर उचलून. डावं पाऊल जमिनीला थापटत नाही ना, हे ते मान वाकवून ऐकत होते. मीही ऐकत होते. दोन्ही टाचांचा आवाज सारखा आला. आत तो फुगवटा आता आहे की नाही, मला माहीत नाही. सकाळी पलंगाच्या कडेला बसल्यावर पाय खाली सोडायच्या आधी मी दोन्ही अंगठे स्वतःकडे खेचून बघते. लिफाफा कपाटाच्या त्याच फळीवर आहे.

गेल्या महिन्यात रात्री उशिरा धाकट्या भावाचा फोन आला. आवाज बारीक झालेला. त्याच्या ऑफिसच्या तपासणीत कंबर दुखते म्हटल्यावर एमआरआय झाला होता आणि रिपोर्ट नुकताच हातात पडला होता.

“ताई, ऐक. डिफ्यूज डिस्क बल्ज, एल४-एल५, एल५-एस१. डिस्क डेसिकेशन. थीकल सॅकला इंडेंटेशन. म्हणजे माझी…”

“थांब,” मी म्हटलं. “कोणता पाय?”

“काय?”

“पायात कळ जाते का? कोणत्या पायात, कुठपर्यंत?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. पाय हलवून बघत असावा.

“पायात काहीच नाही गं. कंबरच. ती पण बऱ्याच दिवसांपासून, कधी कधी.”

लघवीचं विचारलं, बधिरपणाचं विचारलं, तापाचं, वजनाचं. सगळ्याला नाही. टाचांवर चालून बघायला सांगितलं. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग फरशीवर टाचांचा, जाताना आणि येताना.

“चाललो.”

“दोन्ही पंजे वर राहिले?”

“हो.”

“बस आता खुर्चीत. दिवा नीट लाव. आणि शेवटची ओळ आधी वाचून दाखव.”